सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन घरी ‘अपग्रेड’ करण्याआधी

जर्मनीत राहून तुम्ही यागटशाईन म्हणजे शिकारीचा परवाना काढला असेल, किंवा गावातल्या शुट्झेनफेराइनमध्ये, म्हणजे नेमबाजी मंडळात, जाऊ लागला असाल, तर कधी ना कधी सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन तुमच्या हातात येईल. मग सुरू होतो व्हिडिओंचा सिलसिला: मॅगझिन लांब करा, टॉर्च लावा, दस्ता बदला. यांतले बरेचसे व्हिडिओ अमेरिकेतले असतात. तिथला कायदा वेगळा आहे. भौतिकशास्त्र मात्र दोन्हीकडे तेच आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

गावाकडे आपण पाहिलेली दुनळी बंदूक दोन बार झाले की उघडून पुन्हा भरावी लागते. सेमी-ऑटोमॅटिक बंदूक एका काडतुसाच्या स्फोटातली थोडी शक्ती वापरून रिकामे काडतूस बाहेर फेकते आणि पुढचे नळीत चढवते. चाप मात्र प्रत्येक वेळी दाबावाच लागतो. ही शक्ती मिळवण्याचे आज दोन प्रमुख मार्ग आहेत. गॅसवर चालणाऱ्या बंदुकीत नळीला बारीक छिद्रे असतात. त्यांतून थोडा वायू एका दट्ट्यावर जातो आणि दट्ट्या बोल्टला मागे ढकलतो. दुसरा मार्ग जडत्वाचा. इटलीच्या बेनेली कंपनीच्या बंदुकांमुळे तो प्रसिद्ध झाला.

जडत्वाचा मार्ग समजायला एसटी आठवा. गाडीने एकदम वेग घेतला की उभा प्रवासी मागे कलंडतो, कारण गाडी पुढे जाते आणि तो जागच्या जागी राहू पाहतो. इथे दिशा उलटी आहे. बार झाल्यावर बंदूक मागे येते, पण बोल्टचा जड भाग क्षणभर जागीच राहतो. त्यामुळे बोल्टमधली जाड स्प्रिंग दाबली जाते, आणि ती उलगडताना बोल्ट उघडतो.

आता थोडे गणित. १२ बोअरच्या काडतुसात २८ ग्रॅम छर्रे आहेत आणि ते सेकंदाला सुमारे ४०० मीटर वेगाने सुटतात असे धरू. छर्ऱ्यांमागची प्लास्टिकची वाटी आणि वायू यांचाही वाटा धरला, तर संवेग साधारण १३ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद होतो. तेवढाच संवेग बंदुकीला उलट्या दिशेने मिळतो. बंदूक ३.२ किलोची असेल तर ती सेकंदाला सुमारे ४ मीटर वेगाने मागे येते. ही ऊर्जा झाली सुमारे २६ ज्यूल. वजन वाढवून ३.६ किलो केले तर वेग ३.६ मीटरवर आणि ऊर्जा साडेतेवीस ज्यूलच्या आसपास येते. खांद्याला आराम मिळतो.

पण बंदूक जडत्वावर चालणारी असेल तर इथेच गोम आहे. स्प्रिंग दाबणारी शक्ती बंदुकीच्या मागे येण्याच्या वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. वेग ४ वरून ३.६ वर आला की ती शक्ती जवळपास पाचव्या हिश्शाने घटते. त्यात ऑलिंपिक ट्रॅप नेमबाजीत वापरतात तशी २४ ग्रॅमची हलकी काडतुसे घातली, तर बोल्ट अर्धवट उघडतो आणि रिकामे काडतूस मध्येच अडकते. ‘सुधारणा’ म्हणून लावलेल्या वजनाने बंदूक चालेनाशी होते. दोष बंदुकीचा नसतो, आपण तिचा तोल बदललेला असतो.

मग धक्का कमी कसा करायचा? दस्त्याच्या टोकाचे रबरी पॅड बदलून. २६ ज्यूल ऊर्जा १ सेंटिमीटरमध्ये थांबवायची तर सरासरी बल २,६०० न्यूटन लागते, २ सेंटिमीटरमध्ये थांबवली तर १,३००. खांदा स्वतःही मागे सरकत असल्याने प्रत्यक्षातले आकडे वेगळे येतात, पण दिशा हीच. पॅड बदलणे, दस्त्याची लांबी आपल्या हाताच्या मापाला जुळवणे, किंवा नळीच्या टोकाला आधीपासूनच आटे असतील तर त्यांत बसणारा दुसरा चोक लावणे ही कामे घरी करता येतात. अर्थात, आधी काडतुसाची जागा आणि मॅगझिन दोन्ही रिकामी आहेत हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासून.

याच्या पुढे जर्मन कायद्याची रेषा लागते. नळी, काडतुसाची जागा, बोल्ट हे कायद्याच्या भाषेत बंदुकीचे ‘आवश्यक भाग’ आहेत, आणि १ सप्टेंबर २०२० पासून त्यांत बंदुकीच्या मुख्य सांगाड्याचाही समावेश आहे. वायूचे छिद्र मोठे करणे किंवा नळीला नवे आटे पाडणे हे या भागांवरचे काम झाले. ते परवानाधारक ब्युक्सनमाखरचे, म्हणजे बंदूक कारागिराचे, काम आहे. त्यानंतर बंदूक पुन्हा बेशुसआम्टकडे, म्हणजे सरकारी चाचणी कार्यालयाकडे, न्यावी लागते. अशी कार्यालये उल्म, सूल, म्युनिक, कोलोन अशा ठिकाणी आहेत. सी.आय.पी. या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमांनुसार साध्या १२ बोअर काडतुसाचा दाब ७४० बारपर्यंत चालतो. चाचणीत त्याहून जास्त दाबाची काडतुसे उडवतात. नळी टिकली तरच तिच्यावर छाप उमटते. घरी कानस मारलेल्या नळीची अशी परीक्षा कुणीच घेतलेली नसते, आणि तुमचा चेहरा तिच्यापासून वीतभर अंतरावर असतो.

आता व्हिडिओंतल्या दोन लाडक्या गोष्टी. लांब मॅगझिनचा शिकारीत उपयोग नाही, कारण सेमी-ऑटोमॅटिक बंदुकीत एकूण तीनपेक्षा जास्त काडतुसे भरून जनावरावर गोळी झाडायला जर्मन शिकार कायद्याची मनाई आहे. आणि लक्ष्यावर प्रकाश टाकण्यासाठी बंदुकीला लावायचा खास दिवा किंवा लेसर हे साधारणपणे निषिद्ध उपकरण आहे. ते नुसते जवळ बाळगणेही गुन्हा ठरू शकते, आणि त्यापायी परवाना जाऊ शकतो.

एक बदल मात्र कायद्यानेच आपल्यावर आणला आहे. १५ फेब्रुवारी २०२३ पासून युरोपीय संघात पाणथळ जागी आणि त्यापासून १०० मीटरच्या आत शिशाचे छर्रे चालत नाहीत. पोलादाची घनता ७.८, शिशाची ११.३. म्हणून त्याच आकाराचा पोलादी छर्रा हलका असतो आणि हवेत लवकर मंदावतो. शिवाय तो कठीण असल्याने आवळ चोकमधून दबून निघत नाही, त्यामुळे नळीला फुगवटा येऊ शकतो. जास्त दाबाची पोलादी काडतुसे वापरण्याआधी नळीवर लिलीच्या फुलाची छाप आहे का ते पाहा. नसेल तर ती काडतुसे त्या बंदुकीत घालू नका.

तेव्हा कोणताही सुटा भाग मागवण्याआधी तीन प्रश्न विचारा. हा आवश्यक भाग आहे का? याने बंदुकीचे वजन किंवा वायूचा दाब बदलतो का? आणि मी वापरतो त्या काडतुसाशी तो जुळतो का? एकाही उत्तराबद्दल शंका असेल तर बंदूक कारागिराकडे न्या. अडकणाऱ्या गॅस-बंदुकीचे खरे कारण पुष्कळदा दट्ट्यावर साचलेली काजळी असते. ती कापडाने आणि तेलाने निघते, नवा भाग लागतच नाही.