पाहवत नाही असे दृश्य



सिनेमा पाहताना आपण कधी कधी डोळ्यांवर हात ठेवतो. भुताला घाबरून ठेवला तर ती भीती. पण पडद्यावर कोणाचे तरी चारचौघांत हसे होते आणि इकडे सोफ्यावर आपले कान तापतात, तेव्हा काय होते? आमचे काम सॉफ्टवेअरचे. तिथे बिघाड दिसला की आधी तो नेमका कोणता ते ठरवतात. इथेही तसेच करू.

शब्द ओळखा

अवघडणे : एका जागी बसून पाय अवघडतो, तसे मनाचे होते.
संकोच : बोलावेसे वाटते, पण मन आखडते.
ओशाळणे : आपले उणे उघड झाल्यावर चेहरा उतरणे.
लाजणे : कौतुक झाल्यावर मान खाली जाते ते. 'नवरी लाजली.'
लाज वाटणे : हे मात्र कौतुकाचे नव्हे. 'तो लाजला' आणि 'त्याला लाज वाटली' यांत फार अंतर आहे.

दुसऱ्याच्या फजितीने आपल्याला वाटणाऱ्या लाजेला डच भाषेत 'प्लाट्सफरफांगेंडे स्खाम्टे' म्हणतात, म्हणजे दुसऱ्याच्या जागी उभे राहून वाटणारी लाज. मराठीत यासाठी रुळलेला एकच शब्द नाही, पण आपल्याकडे षष्ठी विभक्ती आहे. 'मला बाबांची लाज वाटली.' 'मला त्या मुलांची लाज वाटली.' लाज कोणाची, हे 'ची' सांगते.

एक उदाहरण

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३) घ्या. कैकाडी बोलीत फँड्री म्हणजे डुक्कर. जब्या (सोमनाथ अवघडे) हा शाळकरी मुलगा. त्याच्या वडिलांना, कचरूला (किशोर कदम), गावातली डुकरे धरायचे काम सांगतात, कारण त्यांची जात 'खालची' मानलेली. शाळेजवळच सगळे कुटुंब डुकरामागे धावते. जब्याच्या वर्गातली मुले, त्याला आवडणारी शालूसुद्धा, ते पाहून हसतात. जब्या आडोशाला लपतो. वडील चिडतात. मध्येच शाळेत राष्ट्रगीत सुरू होते आणि सगळे जागच्या जागी उभे राहतात.

या दृश्यात रक्तपात जवळजवळ नाही, तरी ते पाहवत नाही. का? सुरुवातीला जब्याला वडिलांची लाज वाटते आणि आपणही त्याच्याबरोबर अवघडतो. मग लक्षात येते की कचरूने लाजण्यासारखे काहीच केलेले नाही. तो कष्ट करतो आहे. लाज वाटायला हवी ती हसणाऱ्यांची. आणि तमाशा पाहत तर आपणही बसलो आहोत! शेवटी जब्या छेड काढणाऱ्यावर दगड भिरकावतो, तो थेट कॅमेऱ्याकडे येतो आणि पडदा काळा होतो.

पालकांसाठी

चुंबनाचे दृश्य आले की आपण पाणी प्यायला उठतो. तेवढे चालेल. पण 'फँड्री' पाहताना मूल विचारते, "त्यांनाच का धरायला लावतात? आपली जात कोणती?" तेव्हा उठू नये. नेदरलँड्समध्ये २००१ पासून सिनेमांवर वयाचे आकडे आणि हिंसा, भीती यांची चित्रे छापतात. ती पाहून कोणते वय योग्य ते कळते, पण या प्रश्नाचे उत्तर तिथे छापलेले नसते. ते मराठीत, घरातच द्यावे लागते. आपण अवघडून गप्प बसलो तर मुले एवढेच शिकतात की जात हा न बोलण्याचा विषय आहे. हा सिनेमा वरच्या वर्गातल्या मुलांबरोबर पाहावा. आधी एकदा स्वतः पाहिलेला बरा.

स्वाध्याय

१. 'लाजणे' आणि 'लाज वाटणे' वापरून दोन-दोन वाक्ये लिहा.
२. तुम्हाला पाहवले नाही असे एक दृश्य पाच ओळींत सांगा.
३. त्या दृश्याबद्दल गाळलेली जागा भरा : 'मला ______ची लाज वाटली.' आता दुसरे नाव घालून पाहा. कोणते वाक्य खरे वाटते, आणि का?

तिसरा प्रश्न आई-बाबांनीही सोडवायचा आहे.