गुऱ्हाळावरची फिल्म आणि मुलीचे इंग्रजी

प्रश्न : माझी मुलगी मराठी माध्यमात आठवीत आहे. इंग्रजीच्या बाईंनी पाच-पाच मुलांचे गट पाडून प्रत्येक गटाला आपल्या भागातल्या एखाद्या उद्योगावर इंग्रजीत छोटी फिल्म करायला सांगितली आहे. मुलीच्या गटाने गुऱ्हाळ निवडले. मुले मोबाइल घेऊन गुऱ्हाळावर जातात, गुळव्याला मराठीत प्रश्न विचारतात आणि आपसात मराठीतच वाद घालतात. यातून इंग्रजी कसे येणार? त्यापेक्षा व्याकरण पक्के करून घेतलेले बरे नाही का?
– एक पालक, केडगाव परिसर, ता. दौंड

उत्तर : इंग्रजी येते, आणि ते फिल्म पुरी होण्याआधीच्या खटपटीत येते. तुमच्याच मुलीच्या गटाचे उदाहरण घेऊ. मुलांना सांगायचे आहे की ऊस चरकात घालतात, रस काहिलीत उकळतात, भेंडीचा चिकट रस टाकून मळी वर आणतात आणि काढतात, मग पाक वाफ्यात ओततात. मराठीत हे सगळे कर्त्याचे नाव न घेता सांगता येते. इंग्रजीत पहिला मुलगा ‘दे पुट शुगरकेन’ म्हणेल, तेव्हा गटातलीच एखादी विचारील, ‘दे म्हणजे कोण?’ तिथे ‘द ज्यूस इज बॉइल्ड’ या रचनेची गरज पडते. पुस्तकात हाच भाग पॅसिव्ह व्हॉइस म्हणून येतो, मुले दहा वाक्ये उलटसुलट करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. पाक झाला हे गुळव्याला कसे कळते? तो थेंबभर पाक पाण्यात टाकून गोळी बसते का पाहतो. हे सांगायला ‘इफ’ लागतो. गुऱ्हाळाची अख्खी प्रक्रिया सांगून होईपर्यंत आठवीचे निम्मे व्याकरण हाताखालून जाते.

भाषाशिक्षणाच्या अभ्यासात याला भक्कम आधार आहे. कॅनडात इंग्रजी घरांतल्या मुलांना शाळेचे विषय फ्रेंचमधून शिकवणाऱ्या शाळा निघाल्या. मुलांना फ्रेंच उत्तम समजू लागले, पण वर्षानुवर्षे ऐकूनही बोलण्यात आणि लिहिण्यात चुका राहिल्या. संशोधक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये याचे कारण मांडले : समजण्यापुरते ऐकले तर माणूस अर्थावरून निभावून नेतो, वाक्य स्वतः घडवायची वेळ आली तरच आपल्याला काय येत नाही ते कळते. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे, म्हणजे तुमची मुलगी आठवे वर्ष इंग्रजी ऐकते आहे. तिला आता वाक्ये घडवायला लावणे हाच खरा उपाय आहे.

मोबाइलचा यात मोठा उपयोग आहे. मुले आपलाच आवाज परत ऐकतात. वर्गात बाईंनी चूक दाखवली की मूल गप्प बसते. इथे ‘परत घे, परत घे’ म्हणत तेच वाक्य चार-पाच वेळा स्वखुशीने म्हणतात. आखणी मराठीत झाली तर काहीही बिघडत नाही. विचार आधी पक्का व्हावा लागतो आणि तो आपल्या भाषेत लवकर होतो. संहिता, तालीम आणि ध्वनिमुद्रण मात्र इंग्रजीतच हवे.

आता धोक्याबद्दल, कारण तुमची शंका अगदीच निराधार नाही. गटकामात एक हुशार मुलगी सगळे लिहिते, एक मुलगा कॅमेरा धरतो आणि उरलेले तिघे इंग्रजीचा एक शब्द न उच्चारता मोकळे होतात. अमेरिकेत ऑस्टिन शहरात मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी १९७१ मध्ये वापरलेली एक साधी पद्धत यावर उपयोगी पडते. त्यांनी धड्याचे तुकडे करून प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. त्याने तो इतरांना समजावल्याशिवाय कोणाचाच धडा पुरा होईना. इथेही तसेच करावे : एकाकडे चरक, दुसऱ्याकडे काहील, तिसऱ्याकडे ढेपा आणि बाजार. प्रत्येकाने आपला भाग स्वतः लिहायचा आणि स्वतःच्याच आवाजात सांगायचा. अलीकडे दुसरी पळवाट निघाली आहे. एखादे अ‍ॅप मिनिटात चकचकीत इंग्रजी संहिता लिहून देते आणि मुले ती घोकतात. तसे झाले तर तुमचे म्हणणे शंभर टक्के खरे. माझे स्वतःचे मत असे, की पहिल्या खेपेला चित्रीकरण करूच नये, नुसता आवाज घ्यावा. चित्रांची जुळवाजुळव आणि पार्श्वसंगीत यांत मुले तास घालवतात आणि त्या तासांत भाषा नसते.

असे शिक्षण तुमच्या भागाला नवे नाही. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापखाना होता आणि तिथे मुली-बायकाच खिळे जुळवत, छपाई आणि बांधणी करत. रमाबाईंनी सोप्या मराठीत केलेले बायबलचे भाषांतर तिथेच छापले गेले. तिकडे फ्रान्समधल्या एका खेड्यातले शिक्षक सेलेस्तँ फ्रेने यांनी १९२४ मध्ये वर्गात छापखाना आणून मुलांचे लेखन छापायला सुरुवात केली आणि पुढे ते दूरच्या शाळांनाही पाठवले. छापलेले कोणीतरी अनोळखी माणूस वाचणार, ही जाणीव मुलाला शुद्धलेखनाकडे आपणहून वळवते. शेजारच्या शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तोही कामातूनच शिक्षण देण्यासाठी.

अनोळखी वाचकाची ती जाणीव तुमच्या मुलीच्या गटालाही व्हावी म्हणून बाईंना एक विनंती जरूर करा : ही फिल्म वर्गातच संपू देऊ नका. शिरूरच्या एखाद्या शाळेतली मुले आपल्याकडच्या कांदाचाळीवर असेच काही करतील, तर दोन्ही शाळांनी एकमेकांना पाठवावे आणि इंग्रजीतच प्रश्न विचारावेत. गुऱ्हाळ माहीत असलेल्या मुलांना गुऱ्हाळ समजावण्यात फारसा अर्थ नाही.

व्याकरण हवेच. फक्त ते ध्वनिमुद्रणानंतर घ्यावे, मुलांच्या स्वतःच्या चुका फळ्यावर मांडून. आणि अशी फिल्म करणे हा अभ्यासक्रमाबाहेरचा उद्योगही नाही. पुढे बारावीच्या ‘युवकभारती’ या इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकात मुलाखतीचे प्रश्न तयार करणे, चित्रपटाचे परीक्षण, ब्लॉगलेखन हे सगळे आहे.

यातून काही साधते का हे तुम्हाला इंग्रजी फारसे येत नसले तरी तपासता येईल. मुलीला पहिले आणि शेवटचे ध्वनिमुद्रण जपून ठेवायला सांगा आणि दोन्ही ऐका. कुठे अडखळणे कमी झाले ते कानाला कळते. मग तिच्या वाट्याला न आलेला भाग, समजा मळी काढण्याचा, कागद न बघता इंग्रजीत सांगायला लावा. तिने मोडकेतोडके का होईना सांगितले, तर काम बरोबर चालले आहे. सांगता आले नाही, तर बाईंना भेटा आणि गटात कोण काय करते ते विचारा.