सोपवून देण्याची साधना

रुग्णालयात परिचारिकेची पाळी संपली की ती लगेच निघत नाही. पुढच्या पाळीच्या सिस्टरसोबत ती एकेका खाटेपाशी जाते. कोणाचे सलाईन चालू आहे, कोणते औषध द्यायचे राहिले, कोणाकडे जास्त लक्ष हवे, हे सांगते. याला हँडओव्हर म्हणतात. मगच वॉर्डची जबाबदारी दुसऱ्या हातात जाते.

आपल्या सत्संगातील एक ताई बडोद्याला परिचारिका आहेत. एकदा नाइट ड्यूटी असताना घरी मुलाला ताप होता. रात्रभर त्या इतरांच्या मुलांचा ताप मोजत होत्या, मन मात्र घरी. सकाळी हात आपल्या मुलाच्या कपाळावर आणि मन वॉर्डात. “दोन्हीकडे मी अर्धीच,” असे सांगताना त्यांना रडू आले.

त्यांचे प्रेम कमी पडले नव्हते. वॉर्डचा हँडओव्हर रोज होत होता. घराचा आणि मनाचा कधीच होत नव्हता.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या १८५९ मधील ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या पुस्तकात याच विषयावर एक प्रकरण आहे. आपण हजर नसतानाही रुग्णाची काळजी नीट होत राहावी अशी व्यवस्था लावणे, हा शुश्रूषेचाच भाग आहे, असे त्या सांगतात. ‘सगळे मीच केले पाहिजे’ यात सेवेबरोबर थोडा अहंकारही मिसळलेला असतो.

आचरणासाठी

१. घराचा हँडओव्हर : औषधाची वेळ, डॉक्टरांचा नंबर, डब्याची तयारी एका कागदावर लिहून घरच्यांना सोपवा. सोपवल्यावर तासातासाला फोन करून तपासू नका.

२. मनाचा हँडओव्हर : ड्यूटी संपल्यावर हात धुताना एक मिनिट शांत राहा. वॉर्डातील रुग्णांसाठी प्रार्थना करा आणि त्यांना परमेश्वराकडे सोपवून बाहेर पडा.

३. घरच्यांची साधना : नाइट करून आलेल्या सिस्टरची दुपार हीच तिची रात्र असते. तिची झोप जपणे हीदेखील सेवाच.

समता म्हणजे मुकाट सहन करणे नव्हे. नाइट ड्यूटीचा ताण झेपेनासा झाला, तर इनचार्ज सिस्टरांशी शांतपणे, स्पष्ट बोलावे.

ताईंच्या फ्रिजवर आता असा कागद असतो. पुन्हा मुलाला ताप आला, तेव्हा त्यावर रात्री दोनची नोंद वडिलांच्या अक्षरात होती. ताई म्हणाल्या, “त्या रात्री मी वॉर्डात पूर्ण होते.”

चिंतन : माझ्याकडचे असे कोणते काम आहे, जे मी विश्वासाने कोणाला सोपवलेलेच नाही?