जीभ टोचल्यानंतरची निगा : कुटुंबांसाठी एक पाठ

जमाखर्चाच्या पानांबरोबर घराघरांत उपयोगी पडेल असा एखादा आरोग्यविषयक पाठही या अहवालात असावा, या हेतूने पुढील मजकूर दिला आहे. विषय काही वाचकांस अनपेक्षित वाटेल. तथापि तो आता आपल्या दारापर्यंत आला आहे.

कान टोचणे हा आपल्याकडे संस्कार आहे. बाळाला सोनाराकडे नेतात, आई-आजी शेजारी असतात आणि पुढे कित्येक दिवस घरातील प्रत्येकाचे त्या इवल्या कानाकडे लक्ष असते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील १६ वा अध्याय याच विषयाने सुरू होतो. सहाव्या किंवा सातव्या महिन्यात कान टोचावा, छिद्रात वात ठेवून तेल सोडावे, दर तीन दिवसांनी वात थोडी जाड करावी, सूज वा वेदना दिसल्यास ती काढून लेप द्यावा, असा क्रम तेथे सांगितला आहे. टोचण्याइतकेच महत्त्व नंतरच्या निगेला देण्याची आपली रीत इतकी जुनी आहे.

जिभेची गोष्ट निराळी. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी शहरात गेलेली मुले-मुली हौसेने जीभ टोचून घेतात आणि रागावतील म्हणून घरी सांगत नाहीत. परिणामी ज्या जखमेकडे सर्वाधिक लक्ष हवे, तिच्याकडे कोणीच पाहत नाही.

जिभेला रक्ताचा पुरवठा भरपूर असल्याने जखम साधारणतः ४ ते ६ आठवड्यांत भरते. परंतु सूजही लवकर येते. पहिले ३ ते ५ दिवस ती अधिक असते व पुढे ओसरू लागते. या काळात थोडा पांढुरका स्राव येणे स्वाभाविक आहे. सुजेला जागा राहावी म्हणून आरंभी लांब दांडीचा दागिना घालतात. सूज उतरल्यावर तो जाणकाराकडून आखूड करून घ्यावा. अन्यथा दांडी आपटून दातांचे टवके उडतात व हिरड्या मागे सरकतात.

दैनंदिन निगा पुढीलप्रमाणे घ्यावी :

१. साबणाने हात धुतल्याखेरीज दागिन्यास स्पर्श करू नये. तो दातांनी खेळवू नये.

२. उकळून कोमट केलेल्या पेलाभर (सुमारे २५० मि.लि.) पाण्यात पाव चमचा मीठ घालून प्रत्येक खाण्यानंतर व झोपण्यापूर्वी चूळ भरावी. जास्त मिठाने जखम लवकर भरत नाही, उलट चुरचुरते.

३. दात नव्या, मऊ ब्रशने घासावेत. मिश्री, तंबाखू, गुटखा, विडी व मद्य पूर्णपणे वर्ज्य करावे.

४. गार दूध, ताक, पेज, मऊ भात घ्यावा. स्वच्छ पाण्याच्या बर्फाचा लहान खडा चघळल्यास आराम पडतो. झणझणीत रस्सा, कढत चहा, कडक भाकरी व फरसाण टाळावे.

५. हळद, तेल वा अन्य घरगुती लेप जखमेस लावू नये.

६. दागिना स्वतःहून काढू नये. छिद्र लवकर मिटते आणि आत पू असल्यास तो कोंडतो. काढण्याचा निर्णय डॉक्टरांनी घ्यावा.

सूज कमी होण्याऐवजी वाढत गेली, हनुवटीखाली वा मानेवर कठीण सूज आली, थंडी वाजून ताप आला, पू दिसला किंवा स्वच्छ कापडाने दाबूनही रक्त थांबले नाही, तर त्वरित रुग्णालय गाठावे. तोंडाच्या तळाशी पसरलेला जंतुसंसर्ग जिभेला वर ढकलून श्वासमार्ग बंद करू शकतो. गिळणे, बोलणे वा श्वास घेणे जड जाऊ लागल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वणीहून नाशिकला पोहोचण्यातही वेळ जातो. म्हणून अशा वेळी उजाडण्याची वाट पाहू नये.

हृदयाच्या झडपेचा विकार, मधुमेह वा रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याविना जीभ टोचून घेऊ नये. सुई पाकीटबंद व नवीनच असावी. वापरलेल्या सुईतून हिपॅटायटिस बी व सी तसेच एचआयव्ही यांची लागण होऊ शकते. धनुर्वाताची लस घेतलेली आहे ना, याचीही खात्री करावी.

हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर चिमूटभर मीठ व साबणाची वडी यांचा खर्च नगण्य आहे. दुर्लक्षित जखमेच्या उपचारांचा खर्च कुटुंबाला व धर्मादाय संस्थेलाही जड जातो. देणगीदारांनी दिलेला पैसा टाळता न येणाऱ्या आजारांसाठी शिल्लक राहावा, हेही या पाठाचे प्रयोजन आहे.

पालकांना एकच विनंती. दागिना पसंत नसेल तर ते जखम भरल्यावर अवश्य सांगावे. तोवर मुलाला रागे न भरता रोज एकदा तोंड उघडून दाखवावयास सांगावे. कानाला मिळणारी घरची नजर जिभेलाही मिळाली, तर बहुतेक संकटे वेळीच ध्यानात येतील.