घरचा संगणक : कार्यप्रणाली बदलावी की आहे तीच ठेवावी?

घरी संगणक असणे ही आता नवलाईची बाब राहिलेली नाही. शिक्षक त्यावर निकालपत्रके तयार करतात, पंचायतीचे सदस्य ठरावांचे मसुदे लिहितात आणि कचेरीतील अपुरे काम रात्री त्याच यंत्रावर पुरे करणारे कर्मचारीही थोडे नाहीत. यंत्र घरातले असले, तरी त्यात साठविलेली माहिती केवळ घरची नसते. विद्यार्थ्यांचे गुण, लाभार्थ्यांच्या याद्या, बँकेचे व्यवहार असे पुष्कळ काही त्यात असते. म्हणूनच नवी आवृत्ती घेण्याविषयीची सूचना पडद्यावर दिसू लागली की होकार द्यावा की नकार, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीम, ही यंत्र आणि आपण यांच्यामधील मध्यस्थ होय. कळफलकावर दाबलेले अक्षर पडद्यावर उमटणे, फाइल साठविली जाणे, मजकूर प्रिंटरकडे जाणे हे सारे तिच्यामार्फत घडते. आपल्याकडील बहुसंख्य घरगुती संगणकांवर मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज ही प्रणाली असते. तिची १० क्रमांकाची आवृत्ती जुलै २०१५ मध्ये आणि ११ क्रमांकाची ऑक्टोबर २०२१ मध्ये आली. विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली, आणि तेव्हापासून हा प्रश्न अनेक घरांत उभा राहिला.

मुदत संपली म्हणजे काय झाले?

देखभाल थांबली म्हणून संगणक बंद पडत नाही. पत्रे लिहिता येतात, छपाई होते, इंटरनेटही चालते. बहुतेकांची फसगत होते ती येथेच. प्रत्येक प्रणालीत सुरक्षिततेचे काही दोष राहून गेलेले असतात. ते उघडकीस येतील तसतशा कंपनी दुरुस्त्या धाडते आणि महिन्याकाठी त्या संगणकात आपोआप बसतात. देखभाल संपली की हा ओघ आटतो. शिवाय जुन्या व नव्या आवृत्तीचा बराचसा भाग समाईक असल्याने, नवीसाठी निघालेल्या दुरुस्तीवरून जुनीतील उघडे राहिलेले भगदाड कोठे आहे, हे जाणकार भामट्यांना ताडता येते.

हे भय काल्पनिक नाही. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा घातक प्रोग्रॅम दीडशेहून अधिक देशांत पसरला आणि दोन लाखांवर संगणकांतील फाइली कुलूपबंद करून खंडणी मागू लागला. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील अनेक रुग्णालयांना तपासण्या व शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. विशेष हे की, ज्या दोषाचा फायदा घेतला गेला त्याची दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच निघाली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती ते सापडले, आणि त्यांत मोठा भरणा तेव्हा देखभाल चालू असलेल्या विंडोज ७ चा होता. तेव्हा आपल्या प्रणालीचा क्रमांक कोणता, यापेक्षा तिला दुरुस्त्या मिळतात काय आणि त्या आपण बसवितो काय, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा मानावा.

यंत्राची कुवत

विंडोज ११ प्रत्येक यंत्रावर चालत नाही. किमान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० ही सुरक्षेची व्यवस्था आणि कंपनीच्या यादीतील प्रोसेसर अशा तिच्या अटी आहेत. इंटेलचा प्रोसेसर असल्यास तो साधारणपणे आठव्या पिढीचा वा त्यापुढचा असावा लागतो. ही पिढी नावावरूनच ओळखता येते. ‘आय ५-७२००’ हा सातव्या पिढीचा, तर ‘आय ५-८२५०’ हा आठव्या. मायक्रोसॉफ्टचा ‘पीसी हेल्थ चेक’ हा विनामूल्य प्रोग्रॅम ही सारी तपासणी करून निकाल सांगतो. टीपीएम नाही असा शेरा आल्यास लगेच निराश होऊ नये. पुष्कळदा ती सोय यंत्रात असते, पण बायॉसमध्ये बंद ठेवलेली असते. जाणकाराकडून ती चालू करून घेता येते.

४ जीबीची अट कागदोपत्री ठीक आहे. प्रत्यक्षात ८ जीबी नसेल तर काम रखडते. यंत्रात जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसविल्याने जो वेग मिळतो, तो नव्या प्रणालीने मिळत नाही. दुकानात सल्ला विचारला तर उत्तर बहुधा ‘नवाच घ्या’ असे मिळते. दुकानदाराने दुसरे काय सांगावे? परंतु अटी मोडून, आडवाटेने ११ बसवून देणाऱ्यांपासून मात्र दूर राहावे. अशा यंत्रांना दुरुस्त्या मिळण्याची हमी कंपनी देत नाही, म्हणजे ज्यासाठी खटाटोप करायचा तेच हाती लागत नाही.

आपले काम नव्या प्रणालीवर चालेल काय?

जुना प्रिंटर, स्कॅनर आणि डिजिटल स्वाक्षरीचे टोकन यांचे ड्रायव्हर विंडोज ११ साठी उपलब्ध आहेत की नाहीत, हे आधी पाहावे. एमएस-डॉसच्या काळातील हिशेबाचे प्रोग्रॅम अद्याप कोणी सांभाळून असेल, तर ते विंडोज ११ वर थेट चालणार नाहीत.

मराठी मजकुराची बाब थोडी निराळी आहे. कृतिदेव वा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेली कागदपत्रे तो फॉन्ट नसेल तर वाचता येत नाहीत, पडद्यावर रोमन अक्षरांचा कडबोळा दिसतो. आहे त्या प्रणालीवरच नवी चढविली तर फॉन्ट व फाइली जागच्या जागी राहतात. डिस्क पुसून नव्याने मांडणी केली तर दोन्ही जातात. म्हणून तंत्रज्ञाकडे यंत्र सोपविताना यांपैकी तो काय करणार आहे, हे स्पष्ट विचारावे आणि फॉन्टच्या फाइली वेगळ्या काढून ठेवाव्यात. युनिकोडमध्ये लिहिणाऱ्यांना ही अडचण नाही. नव्या मांडणीत मंगल फॉन्ट दिसला नाही, तर भाषांच्या यादीत मराठी जोडावी. मग तो फॉन्ट आणि इन्स्क्रिप्ट कळफलक दोन्ही मिळतात.

बदलापूर्वी सर्व फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि त्यातील चार-दोन फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. न उघडणारी प्रत असून नसल्यासारखीच. विंडोज १० वरून ११ वर गेल्यानंतर १० दिवसांच्या आत मागे परतण्याची सोय असते. म्हणून हे काम निकालाच्या किंवा मार्चअखेरच्या गर्दीत न काढता, ते दहा दिवस मोकळेपणाने वापरून पाहता येतील अशा वेळी करावे.

ज्यांचे यंत्र अटींत बसत नाही, त्यांच्यासाठी कंपनीने विंडोज १० च्या सुरक्षा दुरुस्त्यांची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर केली. तिच्यासाठी नावनोंदणी करावी लागते. त्यापुढे उबुंटू किंवा लिनक्स मिंट या विनामूल्य प्रणाली जुन्या यंत्रावर चालतात. युनिकोड मराठी त्यांवर उत्तम लिहिता येते, पण केवळ विंडोजसाठी केलेले प्रोग्रॅम त्यांवर चालतीलच असे नाही. तेही जमत नसेल तर जुना संगणक इंटरनेटपासून तोडून केवळ लेखन व छपाईसाठी ठेवावा. बँकेचे व्यवहार आणि इतरांची माहिती त्यावर ठेवू नये, आणि बाहेरून आलेला पेन ड्राइव्ह त्याला लावण्यापूर्वी दुसऱ्या, सुरक्षित यंत्रावर तपासून घ्यावा.