इंटरनेटने नियम बदलला

तुम्ही उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिता आणि मराठी डावीकडून उजवीकडे. समजा, मराठीतले वाक्य कोणी उजव्या टोकापासून वाचू लागला, तर काय होईल? अक्षरे तीच राहतील. पण अर्थ लागणार नाही. लिहिणारा आणि वाचणारा एकच नियम पाळतात, तेव्हाच मजकूर पोहोचतो.

संगणकांचेही तसेच आहे. मजकुराचे तुकडे कसे करायचे, पत्ता कोठे लिहायचा, एखादा तुकडा वाटेत हरवला तर काय करायचे, हे सारे आधी ठरवावे लागते. या नियमांना 'प्रोटोकॉल' म्हणतात.

२९ ऑक्टोबर १९६९ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील विद्यापीठातल्या संगणकावरून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या संगणकाकडे पहिला संदेश निघाला. 'लॉगिन' हा शब्द पाठवायचा होता. 'एल' आणि 'ओ' ही दोनच अक्षरे पोहोचली आणि यंत्रणा बंद पडली! थोड्या वेळाने केलेला दुसरा प्रयत्न यशस्वी झाला. या जाळ्याचे नाव 'अर्पानेट'. पुढे त्यासाठी जो नियम वापरात आला, त्याला 'एनसीपी' म्हणत.

हा नियम एकाच जाळ्यापुरता होता. रेडिओवर किंवा उपग्रहावर चालणारी दुसरी जाळी त्याला जोडता येत नव्हती. १९७४ साली व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान या दोन शास्त्रज्ञांनी नवा विचार मांडला. तार असो की रेडिओलहरी, कोणत्याही वाटेने जाता येईल असा नियम त्यांना हवा होता. त्यातूनच 'टीसीपी-आयपी' तयार झाला.

आता खरी अडचण पुढे आली. निम्म्या संगणकांनी नवा नियम घेतला आणि निम्मे जुन्यावरच राहिले, तर एकमेकांशी बोलणार कसे? म्हणून १ जानेवारी १९८३ ही तारीख ठरली. १९८२ चे वर्ष तयारीसाठी दिले होते. त्या वर्षी एकदा दिवसभर जुना नियम मुद्दाम बंद ठेवून सर्वांना सावधही केले गेले. तरीही ठरलेल्या दिवशी काही संगणक तयार नव्हते. ते जाळ्यापासून तुटले. त्यांना पुन्हा जोडून घेण्यात काही महिने गेले.

या कष्टाचे फळ मोठे होते. त्यानंतर वाट बदलली, तरी नियम बदलावा लागला नाही. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. तेव्हा ते टेलिफोनच्या तारेवरून येई. इंटरनेट चालू असताना त्या तारेवर फोन करता येत नसे. वेग होता सेकंदाला ९,६०० बिट. म्हणजे एक मेगाबाइटचे छायाचित्र उतरवायला चौदा-पंधरा मिनिटे लागत! पुढे काचेच्या तंतूंची केबल आली, मोबाइलचे मनोरे आले. मोडेम अडगळीत गेला. पण टीसीपी-आयपी जागेवरच राहिला.

मात्र त्यातही एक उणीव निघाली. जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो आणि १९८३ च्या नियमात सुमारे ४३० कोटी पत्तेच मावतात. तेव्हा हा आकडा प्रचंड वाटला होता. फेब्रुवारी २०११ मध्ये या पत्त्यांचा मध्यवर्ती साठा संपला. त्याआधीच 'आयपी आवृत्ती ६' हा नवा नियम तयार ठेवलेला होता. त्यात ३४ या आकड्यापुढे ३७ शून्ये मांडावीत इतके पत्ते आहेत.

मग पुन्हा एक तारीख ठरवून जुना नियम बंद का केला नाही? कारण १९८३ साली सुमारे चारशे संगणक होते. आता अब्जावधी यंत्रे आहेत. तसे केले असते, तर रुग्णालये, बँका, शाळा, घरे एका रात्रीत तुटली असती. म्हणून ६ जून २०१२ पासून जगातल्या अनेक मोठ्या कंपन्यांनी जुन्याच्या शेजारी नवा नियमही कायमचा चालू केला. आजही दोन्ही सोबत चालतात.

मित्रांनो, वाट बदलणे सोपे, नियम बदलणे कठीण. वाट एकट्याने बदलता येते. नियम सर्वांना मिळून बदलावा लागतो. जो मागे राहील, तो तुटेल. म्हणून जुने दार लावण्यापूर्वी शेवटचा माणूस आत आला की नाही, हे पाहावे लागते.

शब्दार्थ
मजकूर – लिहिलेली गोष्ट
उणीव – कमतरता
अडगळ – वापरात नसलेले सामान

स्वाध्याय
१. 'प्रोटोकॉल' म्हणजे काय?
२. एनसीपीची अडचण कोणती होती?
३. १९८३ प्रमाणे आता एकाच दिवशी नियम का बदलता येत नाही?
४. घरातील मोठ्या माणसांना टेलिफोनच्या तारेवरील इंटरनेटविषयी विचारा आणि पाच वाक्ये मराठीत लिहा.