आकडे आपल्या बोअरचे

मुरबाड
वैशाख

चि. भाच्यास,

सॉफ्टनर बसल्याचं ताई फोनवर बोलली. बरं झालं. त्या बोअरच्या पाण्यानं तुमच्याकडे किती गिझर खाल्ले, ते आम्ही बघतोच आहोत. पण बसवणारा माणूस ‘कंपनी सेटिंग आहे, हात लावू नका’ म्हणून निघून गेला, हे काही मला पटलं नाही. कंपनीला तुमच्या किन्हवलीच्या बाजूचं पाणी काय ठाऊक? शहापूर तालुक्यातलं धरणाचं मऊ पाणी मुंबईला जातं. तानसाचं 1892 पासून, मोडकसागरचं 1957 पासून, पुढं भातसाचंही. आपल्या वाट्याला काळ्या कातळातून झिरपलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. तेही दोन शेजारी बोअरांचं सारखं नसतं. तेव्हा सेटिंगला हात लावायचाच, पण मोजून.

बसवणाऱ्यानं टीडीएस मीटर बुडवून दाखवला असेल, तर तो आकडा विसर. सॉफ्टनरमधले रेझिनचे दाणे कॅल्शियम धरतात आणि त्या जागी सोडियम सोडतात. त्यामुळे टीडीएस आधी होता जवळपास तेवढाच राहतो. ‘मशीन चालत नाही’ म्हणून भांडणारे निम्मे लोक हा मीटर हातात घेऊन भांडतात. तुला मोजायचा आहे तो हार्डनेस. इथं एमआयडीसीत बॉयलरवर असताना आम्ही दर पाळीला मोजायचो, तसाच. थेंबांचं किट बाजारात मिळतं. नमुन्यात बफरचे थेंब टाकायचे, मग चिमूटभर काळी पूड. पाणी जांभळट तांबडं होतं. आता दुसऱ्या बाटलीतले थेंब मोजत टाकायचे आणि प्रत्येक थेंबाला बाटली फिरवायची. शेवटी शेवटी रंग फसवतो, निळा वाटतो पण त्यात तांबूस झाक उरलेली असते. ती झाक पुरती जाऊन स्वच्छ निळा आला की थांबायचं, आणि थेंबांना किटवर दिलेल्या आकड्यानं गुणायचं. हे दिवसाउजेडी, पांढरा कागद मागे धरून कर. लोह मात्र घरी नीट कळत नाही, त्यासाठी भूजल सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेत नमुना दे.

आता गणित. समज, हार्डनेस लिटरमागे 350 मिलिग्रॅम आला आणि लोह अर्धा मिलिग्रॅम. लोह रेझिनला फार जड जातं, म्हणून एका मिलिग्रॅमला सत्तरेक धरायचे. म्हणजे आणखी 35. एकूण 385, आपण 400 धरू. तुझ्या डब्यावर ग्रेन मागितले असतील तर 17.1 नं भाग, 23.4 येतात, 24 भर. तिथं सरळ 400 टाकलंस तर मशीन दिवसभर मीठच पीत बसेल.

तुझं रेझिन 25 लिटर. ते धुताना लिटरमागे 100 ग्रॅम मीठ दिलं तर ते साधारण 40 ग्रॅम हार्डनेस धरतं, म्हणजे एकूण 1000 ग्रॅम. चारशेच्या पाण्याला भागलं की 2500 लिटर. कंपनीवाले बहुधा 160 ग्रॅम मीठ घालतात, कारण कागदावर क्षमता मोठी दिसते. पण मीठ साठ टक्के वाढलं म्हणून पाणी साठ टक्के वाढत नाही, बरंच कमी वाढतं. मिठाची गोणी तूच वाहून आणणार आहेस, तेव्हा 100 वरच ठेव. घरात पाच माणसं, दिवसाला 600 लिटर धर. यंत्र ठरलेल्या वेळीच रेझिन धुवायला घेणारं असेल तर एका दिवसाचं पाणी राखीव ठेवावं लागतं, म्हणून मीटरवर 2500 नव्हे, 1900 घाल. एका धुण्याला मीठ अडीच किलो. एक लिटर पाण्यात साधारण 360 ग्रॅम मीठ विरघळतं, म्हणजे टाकीत 7 लिटर पाणी सोडावं लागेल. भरण्याचा वेग मिनिटाला 0.7 लिटर असेल तर 10 मिनिटं. वेग व्हॉल्व्हवर किंवा पुस्तकात दिलेला असतो, अंदाजानं घालू नकोस. आणि मीटरवर कितीही शिल्लक असो, आठवड्यातून एकदा धुणं झालंच पाहिजे असं बंधन घाल. म्हसाच्या जत्रेला सगळे इकडे येऊन राहता, तेव्हा घर बंद असतं.

वेळेचं मात्र नीट ऐक. कंपनीची वेळ रात्री दोनची असते, कारण तेव्हा कोणी नळ उघडत नाही. पण रात्री दोनला तुझ्याकडे वीज असेल याची खात्री कोण देणार? शिवाय मिठाचं पाणी ओढायला दाब लागतो, निदान दीड-दोन किलो. गच्चीवरच्या टाकीचा दाब चार-पाचशे ग्रॅमच्या वर जात नाही. प्रेशर पंप बंद असेल तर व्हॉल्व्ह आपला फिरतो, घड्याळ पुढं सरकतं, पण मीठ टाकीतच राहतं. सकाळी यंत्र ‘झालं’ म्हणून दाखवतं आणि साबणाला फेस येत नाही. म्हणून दुपारी दोनची वेळ घाल. अंघोळी-धुणी उरकलेली असतात, पंप चालू ठेवता येतो, आणि तासा-दीड तासाच्या त्या काळात नळाला कच्चं पाणी आलं तरी बिघडत नाही. घड्याळ चोवीस तासांचं आहे ना, ते बघ. 2 आणि 14 मध्ये बरेचजण गडबडतात. वीज गेल्यावर घड्याळाचं काय होतं तेही एकदा बटण बंद करून पाहा.

बॉयलरला आम्हाला 5 च्या खाली पाणी लागायचं. तुला तो हट्ट नको. व्हॉल्व्हला मिसळण्याचा स्क्रू असेल तर थोडं कच्चं पाणी सोडून 70-80 वर आण. डाळही शिजेल आणि अंग बुळबुळीत लागणार नाही. सरकारी मानकात 200 पर्यंतचा हार्डनेस चालतो, अगदी दुसरा उपाय नसला तर 600 पर्यंत. पण ताईच्या पिण्याचं पाणी सॉफ्टनरच्या आधीच्या नळाचं ठेव. चारशेचं पाणी शून्यावर आणलं तर लिटरमागे सुमारे 180 मिलिग्रॅम सोडियम वाढतं, आणि तिला रक्तदाब आहे. गोठ्याला आणि परसातल्या झाडांनाही कच्चंच दे. धुण्याचं खारं पाणी आंब्याच्या आळ्यात सोडू नकोस; बोअरपासून लांब, उताराला काढ.

हार्डनेस वर्षातून दोनदा मोज, एकदा आत्ता आणि एकदा दिवाळीनंतर, बोअरमध्ये पावसाचं पाणी मुरल्यावर. मधे टँकर आला तर सेटिंग बदलू नकोस; टँकरचं पाणी मऊ असलं तर फार तर मीठ थोडं वाया जाईल.

पहिलं धुणं तू घरी असताना लाव. बॅकवॉश झाल्यावर मिठाच्या टाकीचं झाकण उघडून पातळीला खडूनं खूण कर. अर्ध्या तासात पातळी खुणेच्या खाली गेली नाही, तर पंप आणि नळीतली हवा तपास. तरी जमलं नाही तर मला स्क्रीनचे फोटो पाठव; रविवारी सरळगावावरून येऊन जाईन.

ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मामा